मदत हवी आहे: सुपरहिरोपट, तीन दिग्दर्शक, कोणता प्रसंग दाखवू?

मालवणात आमच्या वाचनालयात कॉलेजच्या पंचवीसेक मुलांसाठी दीड तासाचं सत्र घेतोय. विषय: सुपरहिरोपटांत दिग्दर्शकाची नजर कशी बदलते.

टिम बर्टनचा 'बॅटमॅन' (1989), ख्रिस्तोफर नोलनचा 'द डार्क नाइट' (2008) आणि बासिल जोसेफचा मल्याळम 'मिन्नल मुरली' (2021) हे तीन ठरवलेत. बर्टनने गॉथम शहर पाइनवुड स्टुडिओत सेट लावून उभं केलं, तर नोलनने शिकागोच्या खऱ्या रस्त्यावर खराखुरा ट्रक उलटवला. आणि बासिलचा नायक गावातला शिंपी! त्याच्यावर वीज पडते, खलनायकावरही तीच. आमच्या मुलांना हे गाव जवळचं वाटेल, म्हणून हा चित्रपट मी सोडणार नाही.

घरी आधी मारामारीचे प्रसंग शेजारी शेजारी लावून पाहिले. पण भाच्यांची चर्चा 'कोण भारी' यावरच घसरली. मग नायकाची पहिली एंट्री घेतली. नोलनच्या या चित्रपटात बॅटमॅन आधीच तयार असतो, त्यामुळे तुलना लंगडी पडते. 'बॅटमॅन बिगिन्स' (2005) घ्यावा का, असंही मनात आलं, पण मग ट्रकचं उदाहरण हातचं जातं.

प्रोजेक्टर आहे, इंटरनेटचा भरवसा नाही. प्रत्येकी दहा मिनिटांपेक्षा जास्त दाखवता येणार नाही. मुलांनी 'मिन्नल मुरली' पाहिलेला नाही, तेव्हा शेवट फुटायला नको.

तर तिन्हींत समान असलेला असा कोणता प्रसंग निवडू, की जागा, प्रकाश आणि खलनायकाकडे बघण्याची पद्धत यांतला फरक मुलांना आपसूक दिसेल?