सांधेदुखीची नोंद ठेवणारं अ‍ॅप कुणी वर्षभर टिकवलंय का?

करंगळी४६:
ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे सांधे सुजवणारा संधिवात, तीन वर्षं झाली. डॉक्टर दर तीन महिन्यांनी विचारतात, "मधले दिवस कसे गेले?" नेमकी त्या दिवशी बोटं शहाण्यासारखी वागतात आणि मी "बरे गेले" म्हणून मोकळी होते. घरी आल्यावर आठवतं की मधे दहा दिवस दाराची कडीसुद्धा उघडत नव्हती.

म्हणून अ‍ॅप घेतलं. त्यात दोन हातांचं चित्र, दुखणाऱ्या सांध्यावर बोट टेकवायचं. माझं बोट सुजलेलं आणि चित्रातला सांधा मुगाएवढा! तर्जनी दाबली की मधलं बोट लाल व्हायचं. त्यात झोप, मूड, थकवा, पाणी असे प्रश्न संपतच नव्हते. नवव्या दिवशी काढून टाकलं. हे बनवणाऱ्यांनी आखडलेल्या हातात फोन धरून पाहिलाय का कधी?

तुम्ही काय वापरता? आणि सकाळी, हात चालत नसताना, भरता कसं?

जुनासांधा:
ताई, सकाळी भरूच नका. मी पाच वर्षं नोंद ठेवतोय, ती रात्री झोपण्याआधी. चारच गोष्टी: सकाळचा ताठरपणा किती मिनिटं, दुखणं ० ते १० पैकी किती, गोळी घेतली का, आणि एक वाक्य. वाक्य बोलून टाकायचं, कीबोर्डवरचा माइक दाबला की मराठी उमटतं. बाकीचे प्रश्न बंद करता येत नसतील तर ते अ‍ॅप आपल्या कामाचं नाही.

ताठरपणा मात्र चुकवू नका. जाग आली ती वेळ आणि शर्टाचं बटण लावता आलं ती वेळ, मधलं अंतर लिहायचं. झिजेच्या संधिवातात हे आखडणं बहुधा अर्ध्या तासात सुटतं, आपल्या प्रकारात तासभर किंवा जास्तही चालतं. म्हणून डॉक्टर ते पुन्हापुन्हा विचारतात.

आता एक धोक्याची गोष्ट. आपल्या आजारावरचं मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच असतं. माझ्या अ‍ॅपनं आठवण आपोआप 'रोज' अशी लावली होती. सोमवारी घेतली, मंगळवारी पुन्हा घंटी. गोळी तळहातावर होती तेव्हा बायकोनं हात धरला. हे औषध चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. तेव्हापासून मी अ‍ॅपची घंटी बंद केली, फोनच्या कॅलेंडरमध्ये 'सोमवार, फक्त सोमवार' असं लिहिलंय.

गुडघेदुखी_दोन्ही:
माझा झिजेचा प्रकार, तोही फक्त गुडघ्यांचा, त्यामुळे बोटांचा त्रास नाही, पण अ‍ॅपनं मलाही छळलं. रोज १०,००० पावलांचं लक्ष्य, पूर्ण केलं की फटाके. फटाक्यांच्या नादात चार दिवस चाललो, पाचव्या दिवशी गुडघा फुगला. फिजिओथेरपिस्टनं लक्ष्य ३,००० वर आणलं आणि मांडीचे व्यायाम दिले. आता फोन टेबलावर उभा करून फक्त व्यायामाचा टायमर लावतो.

वॉर्डातली_ताई:
मी संधिवाताच्या बाह्यरुग्ण विभागात नर्स आहे. तीन गोष्टी सांगते.

काही अ‍ॅप्स 'तुमचा आजार किती सक्रिय' असा आकडा दाखवतात. डॉक्टर डास-२८ हा आकडा काढतात तेव्हा २८ सांधे हातानं दाबून बघतात आणि त्यात ईएसआर किंवा सीआरपी ही सूज दाखवणारी रक्ततपासणी धरतात. फोन यातलं काही करत नाही. त्या आकड्यावर गोळी कमी-जास्त करू नका.

दुसरं, त्या २८ मध्ये पाऊल आणि घोटा नाहीत. तळपाय दुखत असेल तर ते तुम्हालाच सांगावं लागतं, म्हणून त्या एका वाक्यात पायही येऊ द्या.

तिसरं, संधिवातावर काम करणाऱ्या युरोपातल्या 'युलार' संघटनेनं २०१९ मध्ये अशा अ‍ॅप्ससाठी मुद्दे प्रसिद्ध केले. त्यात अ‍ॅप कुणी बनवलं, पैसा कुणाचा, माहिती कुणाच्या मालकीची, हे उघड असावं असं म्हटलंय. हे तीन प्रश्न मला तरी तारांकित रेटिंगपेक्षा उपयोगी वाटतात. आणि कृपा करून आम्हाला फोन दाखवू नका, कागदावर एक पान आणा. नव्वद दिवस स्क्रीनवर सरकवत बसायला वेळ नसतो हो.

करंगळी४६:
चार रकान्यांचं साधं अ‍ॅप मिळालं. फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये एकाच जागी दोनदा लागलेला स्पर्श सोडून द्यायची सोय आहे, ती चालू केली, चुकीचं दाबणं बरंच थांबलं.

काल तीन आठवड्यांचं पान घेऊन गेले. २१ पैकी ११ सकाळी ताठरपणा तासाच्या वर. मला वाटलं होतं चार-पाच असतील. डॉक्टरांनी पहिल्यांदाच पायाचे चवडेही दाबून पाहिले, रक्त तपासायला सांगितलं, औषधाचं नंतर ठरवू म्हणाले.

बोलून लिहिण्याचा तोटा एकच. मी म्हटलं "करंगळी सुजली", फोननं लिहिलं "करंगळी सजली". डॉक्टरांनी मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "कुणाच्या लग्नाला?"