केनियाचा चहा इतका बारीक का? चांगला माल खरंच बाहेर जातो का?

नैरोबीतली_ठाणेकर:
नैरोबीत येऊन अजून वर्ष व्हायचंय. इथे चहाचं कुठलंही पाकीट घ्या, आत रवाळ भुकटीच. आपल्या सवयीने आलं-साखर घालून भरपूर उकळला की रंग झकास येतो, पण घशाला तुरट लागतो. शेजारीण म्हणते, चांगला माल परदेशी जातो, आपल्याला उरलेला. खरं आहे का? आणि लिमुरूच्या मळ्यांकडे मोठ्या पानाचा चहा मिळेल का?

रोलरदुरुस्ती:
ताई, मी मूळचा इचलकरंजीचा, आता केरिचोत असतो. चहाच्या कारखान्यांत सीटीसी (क्रश, टेअर, कर्ल) यंत्रांच्या रोलरना धार लावणं हे माझं काम.

भुकटी म्हणजे उरलासुरला माल नव्हे. इथला जवळजवळ सगळा चहा सीटीसीच. कोमेजवलेलं पान दोन दातेरी रोलरांमधून जातं. ते एकमेकांच्या उलट फिरतात, एकाचा वेग दुसऱ्याच्या साधारण दहापट, त्यात पान कापलं, फाटलं, वळलं जातं. अशा तीन-चार जोड्या एकामागे एक. शेवटच्या जोडीखाली हिरवा ओला चुरा पडतो, तो तास-दीड तासात तांबूस होतो, मग सुकवतात. दाते बोथट झाले की पान कापलं न जाता चेंगरतं, तापतं, आणि कपातला चहा मळकट दिसतो. चव घेणारा माणूस ते लगेच ओळखतो. पुढे चाळण्यांवर जाड दाण्यापासून बारीक भुकटीपर्यंत बीपी १, पीएफ १, पीडी, डस्ट १ अशा प्रती वेगळ्या होतात.

पण खरी प्रत ठरते खुडणीला. दोन पानं, एक कळी. देशातला निम्म्याहून जास्त चहा छोट्या शेतकऱ्यांचा आहे, कित्येकांचं रान एकराच्या आतबाहेर. सकाळी खुडलेलं पान खरेदी केंद्रावर येतं, तिथे ते पसरून बघतात. जून पान दिसलं की शेतकऱ्याने तिथेच उभं राहून वेचून काढायचं, मगच वजन. ही कडक शिस्त केटीडीएने, म्हणजे छोट्या चहा शेतकऱ्यांचा माल घेणाऱ्या संस्थेने, 1964 पासून लावली, आणि केनियाच्या चहाचं नाव तिच्यावरच उभं आहे असं मी ठामपणे म्हणेन.

मोम्बासा_वखार:
बाहेर जातो हे खरंच आहे, कारण पीक प्रचंड आणि देशात पितात त्यातला थोडाच. लिलाव 1956 मध्ये नैरोबीत सुरू झाला, 1969 पासून मोम्बासाला. दर आठवड्याला होतो, भाव डॉलरमध्ये. युगांडा, रवांडाचा मालही इथेच विकला जातो. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक पाकिस्तान. तिकडे तो दुसऱ्या चहांत मिसळतात, म्हणून पाकिटावर केनियाचं नाव क्वचितच दिसतं.

तुरटपणासाठी एवढंच करा: पाणी, आलं, दूध आधी उकळून घ्या, चहा शेवटी टाका, दोन मिनिटांत गाळा. हा दाणा झटकन उतरतो. मोठं पान हवं तर दुकानात ऑर्थोडॉक्स, म्हणजे सीटीसीत न कापता नुसतं वळलेल्या पानाचा चहा मागा. जांभळ्या पानाचाही मिळतो, तो बिनदुधाचाच प्या. लिमुरूला जरूर जा, केनियातली पहिली रोपं 1903 मध्ये तिथेच लागली, तीही भारतातून आणलेली.

नैरोबीतली_ठाणेकर:
शेवटी टाकून बघितला, तुरटपणा गेला! दादा, शेतकऱ्याला पैसे कसे मिळतात हो? आमच्या कामवाल्या बाईंचं रान बोमेटला आहे, त्या बोनसबद्दल फार नाराज असतात.

रोलरदुरुस्ती:
दर महिन्याला किलोमागे ठरलेली रक्कम, आणि वर्षाचा हिशेब झाला की ऑक्टोबरच्या सुमारास बोनस. मुलांची फी, घराचे पत्रे, सगळं त्या बोनसवर. प्रत्येक कारखान्याचा हिशेब वेगळा. मुरांगा, न्येरी, किरिन्यागा या रिफ्ट दरीच्या पूर्वेकडच्या चहाला मोम्बासात भाव चढा, आमच्या केरिचो-बोमेटकडच्याला उतरता. तितकंच राबून हातात कमी पडतं, त्यांची नाराजी अगदी रास्त आहे. माझ्या मते आमच्याकडे खुडणी ढिली पडू देणं थांबवलं पाहिजे आणि रोलर वेळेवर बदलले पाहिजेत. उंची आणि हवा आपल्या हातात नाही, हे दोन्ही आहे.