'जॅकल'ची शेवटची पानं गायब आहेत, सिनेमा बघून चालेल का?

फाउंटनवरचा_नवखा
मंडळी, विचित्र अडचण आहे. मागच्या आठवड्यात ऑफिस सुटल्यावर फाउंटनच्या फुटपाथवरून फोर्सिथचं 'द डे ऑफ द जॅकल' उचललं, फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारायला निघालेल्या भाडोत्री मारेकऱ्याची, जॅकलची, कादंबरी. ऐंशी सांगितले, साठला दिलं. चर्चगेट-विरारमध्ये दाराशी उभं राहून पाच दिवस वाचतोय. काल अंधेरी सुटली तेव्हा पॅरिसमध्ये संचलनाची तयारी चालली होती, जॅकलच्या मागावरचा पोलीस अधिकारी लबेल घामाघूम. बोरिवलीला पान उलटलं तर पुढे थेट मागचं कव्हर! दहा-बारा पानं नाहीतच. कोणीतरी त्यात चणे बांधून खाल्ले असणार. आज परत गेलो तर पुस्तकवाला म्हणतो, "साठ में एंडिंग भी चाहिये क्या?"

प्रश्न असा की १९७३ च्या सिनेमाचा शेवट पुस्तकासारखाच आहे का? की दुसरी प्रत शोधू? आणि एकूणच अशा कादंबऱ्यांचे सिनेमे आधी बघावेत की नंतर? कृपया सस्पेन्स फोडू नका.

कांदेपोहे_४२
द गॉल वाचतो. घ्या, फोडला.

फाउंटनवरचा_नवखा
अहो!!

नोंदवही
वरच्यांनी फोडला तो सस्पेन्स नव्हेच, घाबरू नकोस. (वयाने लहान वाटतोस म्हणून अरे-तुरे करतोय.) द गॉल १९७० च्या नोव्हेंबरात स्वतःच्या घरी, पत्ते मांडून बसले असताना गेले. फोर्सिथने कादंबरी लिहिली तेव्हा ते हयात होते, आणि प्रकाशक नेमकं हेच कारण देऊन बाड परत करत होते. माणूस जिवंत आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, मग वाचणार कोण? फोर्सिथ १९६२ मध्ये रॉयटर्सचा बातमीदार म्हणून पॅरिसला होता. त्याच ऑगस्टात द गॉलच्या गाडीवर खरोखरचा गोळीबार झाला होता. सिनेमा त्या गोळीबारापासून सुरू होतो, पुस्तक त्या कटाच्या म्होरक्याला गोळ्या घालतात तिथून.

आता माझं सांगतो. मी एकतीस वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीत काढली. जाडजूड रजिस्टरं, जन्माचं वेगळं, मृत्यूचं वेगळं, दोन निरनिराळ्या कपाटांत. तर त्या पुस्तकात जॅकल कबरस्तानात जाऊन लहानपणीच गेलेल्या एका मुलाचं नाव शोधतो आणि त्या नावाने जन्मदाखला काढतो, ते मी पहिल्यांदा वाचलं रविवारी रात्री. सोमवारी ऑफिसात गेलो आणि त्या दोन कपाटांकडे बघतच राहिलो. इकडच्या पानावर पोर जन्मलेलं आहे, तिकडच्या पानावर गेलेलं आहे, आणि या कपाटाला त्या कपाटाची खबर नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना उत्साहाने सांगायला गेलो. त्या म्हणाल्या, "आधी डबा खा." पण तेव्हापासून माझं मत पक्कं आहे, की या जातीच्या कादंबरीत 'कोण' आणि 'काय' याला फार किंमत नाही. खरी गंमत 'कसं' याची. दाखला कसा निघतो, बंदूक कशी बनते, ती नाक्यावरून कशी पार होते.

दिग्दर्शक झिनेमानने सिनेमात तेच धरून ठेवलं. कबरस्तानाचा भाग दोन-चार दृश्यांत, जवळपास न बोलता उरकतो. पार्श्वसंगीत नावापुरतं. नायकही मुद्दाम फारसा माहीत नसलेला घेतला, एडवर्ड फॉक्स. गर्दीत सहज हरवेल असा.

मी तो पाहिला गिरगावातल्या आमच्या चाळीत, भाड्याच्या व्हीसीआरवर, एका खोलीत चौदा माणसं. बंदुकीचा सराव आला. तो झाडाला कलिंगड टांगतो, त्यावर रंगाने तोंड काढतो, मागे लांब जाऊन बसतो. एक गोळी. दुर्बिणीचा स्क्रू किंचित फिरवतो. दुसरी. परत किंचित. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मग खिशातून वेगळी गोळी काढतो, आणि पुढच्या क्षणी झाडाला कलिंगडच नसतं. शेजारच्या आजी मागून म्हणाल्या, "अगो बाई, आख्खं वाया गेलं!"

एक तक्रार मात्र आहे. पुस्तकातला तो धिप्पाड अंगरक्षक कोवाल्स्की आठवतो ना? पोरीला ल्युकेमिया झाल्याचं पत्र येतं, त्या शब्दाचा अर्थही त्याला कळत नाही, आणि पोरीसाठी तो चालत सापळ्यात जातो. सिनेमात त्याचं नाव बदललंय आणि त्याला सरळ पळवून नेतात. पोरगी गायब, पत्र गायब. वेळ वाचला, पण माझ्या मते पुस्तकातला एकमेव रडवणारा माणूस गेला.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर : शेवट जवळपास तोच आहे, अगदी शेवटचा चिमटासुद्धा. फक्त १९९७ चा ब्रूस विलिसवाला लावू नकोस, त्यात ना द गॉल ना पॅरिस.

सबटायटलवाली_गोरेगाव
नोंदवही काका, कपाटांचं वाचून अंगावर काटा आला. पण थोडं भांडते. तुमच्या बोलण्यावरून वाटतं की पुस्तक धरून राहिला तो सिनेमा चांगला. मी दिवसभर दुसऱ्यांचे संवाद दोन ओळींत बसवते, त्यामुळे काय कापावं लागतं ते मला रोज दिसतं.

ल कारेची हेरकथा 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' घ्या. १९७९ ला बीबीसीने सात भाग केले, अलेक गिनेसला घेऊन, ऐसपैस. २०११ च्या सिनेमाला मिळाले दोन तास आणि वर सात मिनिटं. मग त्यांनी काय केलं? पुस्तकात जिम या ब्रिटिश हेराला गोळी लागते चेकोस्लोव्हाकियाच्या जंगलात. सिनेमात तेच बुडापेस्टच्या कॅफेत होतं, भर दिवसा, आणि सगळं बिनसलंय हे आपल्याला कशावरून कळतं? वेटरच्या चेहऱ्यावरून घामाचा थेंब टेबलावर पडतो. बस. मला त्याला सबटायटल द्यायला लागलं असतं तर मी रिकामी चौकट सोडली असती.

आणि चष्मा! कथेचा नायक, हेर स्मायली, सुरुवातीला नवीन चष्मा करून घेतो. पुढे प्रसंग आधीचा की आत्ताचा हे त्याच्या नाकावरच्या चष्म्यावरून ओळखायचं. पडद्यावर '१९७२' वगैरे लिहायची गरजच नाही. हेरखात्यातल्या ख्रिसमस पार्टीचा प्रसंगही पुस्तकात नाही. त्या गर्दीत खुद्द ल कारे उभा आहे. लेखकच पार्टीला आलाय म्हटल्यावर आपण कशाला तक्रार करायची?

म्हणून नवख्या, 'टिंकर टेलर' आधी वाच, मग बघ. उलट केलंस तर काही कळणार नाही. मला पहिल्या खेपेला पुस्तक वाचूनही निम्मंच कळलं होतं.

ठाकुर्ली_स्लो
'कसं'वरून आठवलं, जपानी लेखक हिगाशिनोच्या 'सस्पेक्ट एक्स' कादंबरीवरचा 'जाने जान' (२०२३) बघितला का कोणी? खून सुरुवातीलाच डोळ्यांसमोर, तरी शेवटपर्यंत हलता येत नाही. टोकियोचं कालिम्पाँग केलंय. करीना ठीक. गणिताचा मास्तर झालेला जयदीप अहलावत मात्र बाप आहे. मला अजूनही सुहास शिरवळकरांच्या कादंबऱ्यांतला नायक दारा बुलंद पडद्यावर बघायचाय. त्यांच्याच 'दुनियादारी'वर सिनेमा निघतो, मग याने काय घोडं मारलंय?

कांदेपोहे_४२
दारा बुलंदला कोण घेणार, यावर वेगळा धागा काढा. मारामाऱ्या होतील.

फाउंटनवरचा_नवखा
सगळ्यांचे आभार. रात्री सिनेमा लावलाही होता. कलिंगडापर्यंत बघितला आणि बंद केला. काकांनी 'शेवटचा चिमटा' म्हटल्यापासून तो पडद्यावर बघायचा धीर होत नाही, छापील अक्षरातच वाचायचाय. कोवाल्स्कीचं पटलं. मी ते पत्राचं प्रकरण वाचताना माझं स्टेशन चुकवलं होतं, वसईला उतरायच्या ऐवजी नालासोपाऱ्याला उतरलो.

काका, तुमची प्रत आहे का अजून?

नोंदवही
आहे. पाठीला डिंक लावलाय, पण पानं सगळी आहेत, मोजून ठेवलीत. ऑफिसची सवय. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता दादर, पश्चिमेला, फुलबाजाराच्या बाजूचा जिना. आठ दिवसांत परत हवी. पानाचा कोपरा दुमडायचा नाही, तिकीट घालून ठेवायचं.

फाउंटनवरचा_नवखा
नक्की येतो! पण त्या गर्दीत तुम्हाला ओळखू कसा?

नोंदवही
तू कलिंगड घेऊन ये. मी ओळखतो.