घशात गोळा, पण कडक भाकरी आरामात जाते! मग तपासायचं काय?

कडकभाकरी_सोलापूर:
नमस्कार मंडळी. आईला (वय ५८) चार महिने झाले घशात कायतरी अडकल्यासारखं वाटतंय. दिवसभर आवंढे गिळत बसते, खाकरते, आणि गंमत म्हणजे जेवायला बसली की गोळा गायब. परवा कडक भाकरी शेंगाचटणीसोबत खाल्ली, तीपण कालवणात न चुरता कुडूमकुडूम चावून, आणि ताट उचललं की परत हात गळ्याला. नात्यात एकीला घशाचा कॅन्सर निघाला तेव्हापासून हे वाढलंय असं मला वाटतं, पण तसं बोललं की "म्हणजे मी नाटक करते का" म्हणून चिडते. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घालून बघितलं, काही नाही म्हणाले. मग ग्लासभर पाणी प्यायला लावलं, बघत बसले, दोन वाक्यं बोलायला लावली, झालं. ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. शेजारचे काका म्हणतात पुण्याला नेऊन बेरियमचा, म्हणजे ते पांढरं औषध पाजून काढतात तो, एक्स-रे काढा. पाणी पाजून काय कळतं ओ? तपासलं का वाटेला लावलं?

आवंढा_ताई:
मी स्पीच थेरपिस्ट आहे, गिळण्याच्या पेशंटचंच काम करते. दादा, पाणी पिताना ते बरंच काही बघत असतात. न थांबता पिता येतं का, मध्ये ठसका लागतो का, एका घोटाला दोन-तीनदा गिळावं लागतं का, गळ्याची घाटी नीट वर उचलली जाते का. बोलायला लावलं ते पाणी श्वासनलिकेच्या तोंडाशी साचलं तर आवाज गुळगुळ, ओला येतो म्हणून. पण ठसका न लागता पण पाणी चुकीच्या वाटेनं जाऊ शकतं, त्यामुळे शंका असली तर पुढची तपासणी असते, नाकातली दुर्बीण आत ठेवूनच रंग घातलेलं खायला देतात आणि कुठं साचतंय ते बघतात, किंवा बेरियम घालून चालू एक्स-रेवर बघतात. आईंसारखं, घास जातो पण रिकामा आवंढा अडकतो, अशात बेरियममधून सहसा फारसं हाती लागत नाही.

तुम्ही आत्ता लागोपाठ पाच वेळा आवंढा गिळून बघा. चौथ्या-पाचव्याला थुंकीच उरत नाही, घसा आवळल्यासारखा होतो. आई हे दिवसभर करतायत. खाकरायच्या ऐवजी पाण्याचा छोटा घोट घ्यायला सांगा. आणि नाटक वगैरे अजिबात नाही, पूर्वी याला ग्लोबस हिस्टेरिकस, म्हणजे हिस्टेरियाचा गोळा म्हणायचे, १९६८ साली माल्कमसन नावाच्या डॉक्टरांनी ग्लोबस फॅरिंजियस, म्हणजे नुसता घशातला गोळा, हे नाव सुचवलं कारण सगळ्यांनाच हिस्टेरिया नसतो. काळजीनं वाढतं मात्र नक्की.

मंगळवारपेठ_७१:
पाच वेळा गिळून बघितलं. आता मलापण गोळा आला. काय बे हे 😄

सूनबाई_अक्कलकोट_रोड:
हसू नका, आमच्याकडं उलटं झालं. सासरे मावा खायचे, तेपण घशात अडकतंय म्हणायचे, आम्ही म्हटलं पित्त असंल. आधी भाकरी अडकायला लागली, मग दुधात कुस्करून खायला लागले, मग नुसता मऊ भात, आणि शेवटी पेजसुद्धा थांबून थांबून, तरी आम्हाला कळलं कधी तर पँट ढिली झाली तेव्हा. ते पण बोट गळ्यालाच लावायचे आणि एंडोस्कोपीत, म्हणजे तोंडातून पोटापर्यंत दुर्बीण घातली त्यात, गाठ निघाली पार खाली, पोटाच्या तोंडाशी. ताई, असं कसं ओ?

आवंढा_ताई:
होतं तसं. अन्ननलिकेत खाली अडकलेलं बऱ्याच जणांना वर गळ्यात जाणवतं. म्हणून घास अडकतोय म्हटलं की नुसता घसा बघून भागत नाही, एंडोस्कोपी लागते. वजन उतरणं, गिळताना दुखणं, एकाच बाजूला किंवा कानापर्यंत दुखणं, आवाज बसून तीन आठवडे झाले तरी न सुटणं, मानेला गाठ लागणं, थुंकीत रक्त, यातलं काही असलं तर थांबू नका. तंबाखू-मावा खाणाऱ्यांनी तर नाहीच.

कडकभाकरी_सोलापूर:
तंबाखू नाही, फक्त मिश्री लावते, ते डॉक्टरांना सांगितलंच नाही आम्ही 🤦 वजन तेवढंच आहे, साडीचा ब्लाउज सैल झाला नाही, हे तिनंच सांगितलं. पण खोदून विचारल्यावर म्हणाली कॅल्शियमची मोठी गोळी दोनदा अडकली होती. पाणी न घेताच गिळली म्हणे, टीव्ही बघत.

आवंढा_ताई:
मिश्री म्हणजे तंबाखूच की दादा. गोळी कोरडी गिळली तर कुणालाही अडकते, पण या दोन्ही गोष्टी पुढच्या वेळी डॉक्टरांना स्वतःहून सांगा. आणि भरपूर पाणी घेऊन पण गोळी अडकली, किंवा भाकरी अडकली, तर तारखेची वाट बघू नका.

कडकभाकरी_सोलापूर:
सोमवारी नेतो. मिश्रीचा डबा सोबत घेऊन जातोय, नाहीतर ती तिथं बसून "कधीमधी लावते" म्हणेल.