मदत हवी आहे: बंदुकीच्या हिंसाचाराची तुलना कोणत्या आकड्यांवर करावी?

बंदुकीच्या हिंसाचाराविषयी एका वादचर्चेची तयारी करताना मी एका पेचात सापडलो आहे. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीमुळे ४८,८३० मृत्यू झाले, म्हणजे एक लाख लोकसंख्येमागे साधारण १५. परंतु त्यांपैकी २६ हजारांहून अधिक आत्महत्या होत्या आणि खून सुमारे २१ हजार होते. तेव्हा इतर देशांशी तुलना करताना एकूण मृत्यू घ्यावेत की केवळ खून?

आत्महत्या वगळल्या तर बंदूक हाताशी असण्याचा मोठा परिणाम नजरेआड होतो, आणि धरल्या तर प्रतिपक्ष लगेच जपानकडे बोट दाखवतो, कारण तेथे खासगी बंदुका जवळपास नसूनही आत्महत्यांचे प्रमाण कमी नाही. (हा मुद्दा मला अगदीच टाकाऊ वाटत नाही.)

दुसरी अडचण देशांच्या निवडीची आहे. केवळ श्रीमंत देश घेतले तर अमेरिका फार वर दिसते, पण ब्राझील, मेक्सिको यांसारखे देश यादीत येताच चित्र बदलते. ही निवड कोणत्या निकषावर केल्यास ती सोयीची म्हणून फेटाळली जाणार नाही? सांख्यिकी किंवा लोकसंख्याशास्त्राच्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.