भाडोत्री आई, उसनी आई की नुसतंच सरोगेट?

पेठेतला अनुवादक: मंडळी, एका आयव्हीएफ सेंटरचं संमतीपत्र मराठीत करायला आलंय. सरोगसी (विनियमन) अधिनियम २०२१ मध्ये स्पष्ट आहे की सरोगेट होणाऱ्या, म्हणजे दुसऱ्या जोडप्याचं मूल आपल्या पोटात वाढवून देणाऱ्या बाईची लेखी संमती तिला समजेल अशा भाषेत घ्यायची, म्हणजे जडजंबाल संस्कृत लिहून चालणार नाही. आधीच्या मसुद्यात कोणीतरी 'भाडोत्री माता' लिहिलंय, अप्पा बळवंत चौकातला डीटीपीवालाच म्हणाला साहेब हे भाडोत्री गुंडासारखं वाटतं. सुचवा काहीतरी.

कोथरूडची ताई: भाडोत्री काढाच. भाडं कायद्यात बसतच नाही, २५ जानेवारी २०२२ पासून कायदा लागू आहे आणि तेव्हापासून दवाखान्याचा खर्च, ३६ महिन्यांचा विमा आणि नियमात दिलेले इतर खर्च सोडून तिला पैसे द्यायचेच नाहीत, धंदा केला तर १० वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड. संमतीपत्रावरच भाडोत्री छापलं म्हणजे गुन्ह्याची कबुलीच छापली की. आणि तसंही राहायला बाळ येतं ना, मग भाडेकरू बाळ झालं, बाई तर घरमालकीण!

वनाजवाला: पेपरात 'उसनं मातृत्व' वाचलंय.

कोथरूडची ताई: उसनं म्हणजे परत करायचं. इथे परत काय करणार, कूस तिचीच होती, तिच्याकडेच राहते. सरोगेट हाच शब्द ठेवा, दवाखान्यात सगळे तेच बोलतात.

वनाजवाला: बरं पण ती नात्यातलीच लागते ना? आमच्या सोसायटीत ठाम मत आहे की नणंद नाहीतर जाऊच पाहिजे.

वकीलकाका: ते २०१९ च्या बिलात होतं. राज्यसभेच्या सिलेक्ट कमिटीने ते काढा म्हणून सांगितलं, आता कलम ४ मध्ये नुसती 'तयार असलेली बाई' आहे, अर्थात लग्न झालेली, स्वतःचं मूल असलेली, २५ ते ३५ वयाची आणि आयुष्यात एकदाच. घोळ होतो तो व्याख्येतल्या कंसामुळे. इंग्रजीत 'अ वुमन हू अग्रीज टु बेअर अ चाइल्ड' असं म्हणून लगेच कंसात 'हू इज जेनेटिकली रिलेटेड', म्हणजे मूल हवं असलेल्या जोडप्याशी जनुकीय नातं, असं टाकलंय, आता ते दुसरं हू मुलाला लावायचं का बाईला, घाईत वाचणारा हमखास बाईला लावतो आणि नणंदेला फोन करतो. मराठीत ही भानगडच नाही, 'जे' म्हटलं की मूल, 'जी' म्हटलं की बाई. फक्त कृपा करून 'ज्यांचा संबंध' असं मोघम लिहू नका, मग आपणही तिथेच जाऊन पडू.

पेठेतला अनुवादक: आणि जेनेटिकलीला? जनुकीय कोणाला कळणार, 'रक्ताचं मूल' लिहू का?

कोथरूडची ताई: अजिबात नको. ती म्हणेल नऊ महिने रक्त तर माझंच. 'बीज' घ्या, तिचं स्वतःचं स्त्रीबीज वापरता येत नाही हेही त्याच शब्दात सांगता येतं.

वकीलकाका: बीज चालेल. पण 'जोडप्याच्या बीजापासून' असं सरसकट नको. मार्च २०२३ मध्ये दात्याचं बीज बंद केलं होतं, फेब्रुवारी २०२४ ला ते सैल केलं, जिल्हा वैद्यकीय मंडळाने आजाराचं सर्टिफिकेट दिलं तर एक बीज दुसऱ्याचं चालतं. म्हणून 'जोडप्यापैकी निदान एकाच्या बीजापासून'.

कोथरूडची ताई: 'इच्छुक महिला', म्हणजे जिला एकटीला सरोगसीतून मूल हवंय ती, हा शब्द पण बघा हां, वाचणाऱ्याला वाटतं जिची इच्छा आहे ती कोणीही. कायद्यात फक्त विधवा किंवा घटस्फोटित, ३५ ते ४५. लग्नच न केलेली कितीही इच्छुक असली तरी बाहेर, हे मला पटत नाही पण फॉर्ममध्ये सरळ लिहा, उगीच कोणी आशेवर राहायला नको.

वनाजवाला: इम्प्लांटेशनला रोपण?

वकीलकाका: इथे जपून. सरोगेटला माघार घेता येते ती भ्रूण पोटात सोडेपर्यंतच, त्यामुळे हा एक शब्द तिला नाही कळला तर हक्क असून नसल्यासारखाच.

कोथरूडची ताई: सिस्टर लोक 'आज ट्रान्सफर आहे' म्हणतात, नवीन बाईला ती बदली वाटते. आणि रोपण तर झाडांचं. पिशवी म्हणा, गर्भपिशवी सगळ्यांना कळते.

पेठेतला अनुवादक: मग असं, 'भ्रूण गर्भपिशवीत सोडण्याआधी तुम्ही कधीही नाही म्हणू शकता, दवाखान्यात याला ट्रान्सफर म्हणतात.'

वकीलकाका: छान. 'तुम्ही'च ठेवा, 'सदर महिला' करू नका. आणि ही ओळ सहीच्या बरोब्बर वर घ्या.