टॉय हॉलरचं रॅम्प डोअर मजबूत कसं करावं? मदत हवी आहे

मंडळी नमस्कार, अमेरिकेत ट्रेलर बाळगणारे किंवा फॅब्रिकेशन-स्ट्रक्चरलमधले कोणी इथे असतील तर कृपया वाचा.

मी फिनिक्सला असतो. आमच्याकडे सेकंडहँड टॉय हॉलर आहे, म्हणजे पुढे राहायची खोली, मागे गॅरेज, आणि मागची अख्खी भिंत खाली पाडली की तोच रॅम्प. आत्तापर्यंत त्यात दोन सीटची साइड बाय साइड (म्हणजे कच्च्या रस्त्यावर पळवायची छोटी बग्गी) न्यायचो, काही त्रास नव्हता. आता हौसेने जुनी सुझुकी सामुराई घेतलीय (आपल्या मारुती जिप्सीच्या घराण्यातली, इथे १९९५ पर्यंत मिळायची). मुळात गाडी साधारण २१०० पौंडांची, पण आधीच्या मालकाने विंच (दोर गुंडाळून गाडी ओढायचं यंत्र), लोखंडी बंपर, मोठे टायर असं सगळं चढवलंय, त्यामुळे मी बसलो की २६०० च्या आसपास जाते, आणि दरवाजावरच्या स्टिकरवर मर्यादा लिहिलीय २५००.

रिकामी गाडी हळूच चढवून बघितली. पुढची चाकं दरवाजाच्या मध्यावर आली की दरवाजा चांगलाच लवतो, प्लाय करकरतो, आणि डाव्या चाकाच्या पट्ट्यात पाय दिला तरी जरा मऊ लागतं. खालच्या लांब बिजागरीचे दोन-तीन स्क्रू पण वर आलेत. दरवाजा आतून ॲल्युमिनियमच्या चौकटीचा, मध्ये फोम, वर प्लाय आणि बाहेरून फायबरग्लासची कातडी.

इथला एक वेल्डर म्हणतो वरून १/८ इंची स्टीलची चेकर्ड प्लेट मारून टाक, विषय संपला. पण ४ बाय ८ फुटाची ती एक शीटच १६० पौंडांच्या वर जाते आणि दरवाजाला दीड-दोन शीट लागतील. दरवाजा उचलायला बिजागरीजवळ जी स्प्रिंग आहे ती मूळच्या वजनाला ताणलेली, मग हा दरवाजा वर कोण करणार? बायको आणि मी दोघंच असतो बऱ्याचदा. शिवाय ते सगळं वजन ट्रेलरच्या अगदी शेवटच्या टोकाला येणार, म्हणजे हिचवरचा (ट्रेलर गाडीला जोडतात त्या जोडावरचा) भार कमी होऊन हायवेला ट्रेलर डोलायची भीती. मला ही प्लेट मारायची इच्छा नाहीये, पण दुसरा धड उपाय काय ते कळत नाही. ॲल्युमिनियम प्लेट? खालून चॅनल (यू आकाराची पट्टी)? की मध्येच टेकू देणं? कोणी केलं असेल तर सविस्तर लिहा प्लीज.

प्रतिसाद:
आधी तो मऊ पट्टा बघा, बाकी सगळं नंतर. या दरवाजांना खालच्या कडेने पाणी शिरतं आणि प्लाय आतून कुजतो, वरून रबर मॅट असली तर दिसतही नाही. टोचा घेऊन बिजागरीच्या वर हातभर पट्ट्यात टोचत जा, सहज आत गेला तर तेवढा प्लाय कापून नवीन घालावाच लागेल. कुजक्यावर प्लेट मारली की आतलं पाणी कोंडतं, स्क्रूला धरायला काही उरत नाही. आणि एक कळकळीची विनंती, ती स्प्रिंग स्वतः सोडवायला जाऊ नका, ताणलेली असते, हात मोडेल.

प्रतिसाद:
स्ट्रक्चरलवाला आहे म्हणून लिहितो. रॅम्प खाली टेकला की एक टोक बिजागरीवर, दुसरं जमिनीवर, मध्ये काही नाही, म्हणून मध्यावर सगळ्यात जास्त लवतो. लवणं गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, घनाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे बरोबर मध्ये टेकू दिलात की गाळा अर्धा आणि लवणं जवळपास आठव्या हिश्शावर. एवढा फायदा कुठलीच पातळ प्लेट देणार नाही. सपाट प्लेट आडवी वाकते, ताकद उभ्या खोलीत असते, फूटपट्टी आडवी धरून आणि उभी धरून वाकवून बघा. तेव्हा दरवाजाखाली आडवा ॲल्युमिनियम चॅनल घाला, दोन्ही चाकांच्या खाली येईल एवढा लांब, आणि त्याखाली दोन स्क्रू जॅक. चॅनल आणि जॅक सुटेच ठेवा, काम झालं की गॅरेजमध्ये टाकायचे, दरवाजाचं वजन पौंडभरही वाढत नाही. वाळूत जॅकखाली जाड फळी हवीच, नाहीतर जॅक खाली बसतो. आणि दरवाजाचं जमिनीकडचं टोक पूर्ण टेकलंय ना ते बघा, एक कोपरा अधांतरी राहिला की दरवाजा पिळवटतो, तुमचे स्क्रू त्यानेच वर आले असणार.

मूळ धागाकर्ता:
दोघांचे मनापासून आभार. टोचा घेऊन बघितलं, डावीकडे साधारण वीतभर प्लाय गेलाय, तो बदलतोय आणि स्क्रूच्या जागी आरपार बोल्ट टाकतोय. एक शंका, टेकू दिल्यावर २५०० ची मर्यादा विसरायची का?

प्रतिसाद:
अजिबात नाही. टेकूने मधलं लवणं थांबतं, पण चाक बिजागरीवर येतं तेव्हा तो भार टेकूकडे जातच नाही, बिजागरी आणि चौकटच झेलते. विंचने ओढून घ्या, तुमचं वजन तरी वाचेल, आणि मोठं स्पेअर व्हील आधी काढून पिकअपमध्ये टाका. ट्रेलर पिकअपला जोडलेलाच ठेवा, चाकांना ठोकळे लावा, मागचे स्टॅबिलायझर (ट्रेलर स्थिर ठेवणारे टेकूचे पाय) खाली करा, नाहीतर मागे भार आला की पुढचा भाग वर उचलला जातो. आणि गॅरेजची एकूण माल-मर्यादा वेगळ्या स्टिकरवर असते, तीही एकदा वाचून घ्या.